मोतीबाईंसाठी ट्रंक कॉल

कुंभिवली,
रविवार, ४ ऑक्टोबर १९८७

प्रिय हिरूस,

जनाचा नमस्कार आणि दसऱ्याचं सोनं, दोन दिवस उशिरा. भिवाजीभाऊंना नमस्कार सांग. सूनबाईचे दिवस भरत आले असतील, तिला म्हणावं जिन्याची चढउतार कमी कर. चिंचवडला पाणी रोज येतं की अजून दिवसाआडच, तेही कळव. इकडे मी बरी आहे. हळवं भात कापायला आलंय आणि मजूर मिळत नाहीत म्हणून सगळे बोंब मारतायत, म्हणजे दरवर्षीसारखंच.

आज मुद्दाम पाकीट घेतलं. पोस्टकार्ड म्हणजे चावडीवरची नोटीस. आपला पोस्टमन बुधाजी ते आधी स्वतः वाचतो, मग ज्याचं त्याला देताना तोंडी सांगतो, वर "काळजीचं कारन नाय" असा स्वतःचा शेरा मारतो. इनलँड चिकटवून टाकलं तर उजेडाकडे धरून बघतो. मी एकदा त्याला म्हटलं, "बुधाजी, सरकार तुला पत्रं पोचवायचा पगार देतं, वाचायचा नाही." तर म्हणतो, "वाचायचं मी फुकट करतो, जनाबाय." 

रविवारी सकाळी लिहायला बसले आहे, कारण या वेळेला हाक मारायला कोणी येत नाही. सगळी आळी राऊतांच्या घरी टीव्हीसमोर. देवाची मालिका लागते ना. हायवेवरचे ट्रकवालेसुद्धा धाब्यावर थांबून हात जोडून बसतात. चोराने यावं तर रविवारी सकाळी साडेनऊला यावं. राऊतांची म्हातारी टीव्हीला हार घालते, उदबत्ती ओवाळते, पण मागच्या दाराला कडी घालत नाही. गेल्या रविवारी तिच्या दोन कोंबड्या गेल्या. आता म्हणते, देवानेच नेल्या.

मोठी बातमी ही, की आपला बोर्ड गेला. अगं हो, टेलिफोनचा बोर्ड. एकवीस वर्षं त्याच्यासमोर बसले. खंडेनवमीला त्याची शेवटची पूजा केली, झेंडूची माळ घातली, लाइन जोडायच्या एकेका कॉर्डला हळदकुंकू लावलं. काल शनिवारी दोन मेकॅनिक आले, स्क्रू काढले आणि माळेसकट घेऊन गेले. त्या जागी बिस्किटाच्या डब्याएवढं यंत्र बसवलंय. बटण दाबलं की लाइन लागते, मधे माणूस नको. मला आता पुढच्या दालनात बसवणार, रिसेप्शन म्हणून. साडी जरा चांगली नेसून येत जा म्हणाले. मी म्हटलं, एकवीस वर्षं काय गोणपाट नेसून येत होते? आणि बाटल्यांची बुचं करणाऱ्या कारखान्यात कोण येणार आहे माझी साडी बघायला?

दुसरी बातमी कॉम्प्युटरची. हिशेबखात्यात तो येऊन सहा महिने झाले. कर्णिक नावाचा सव्वीस वर्षांचा मुलगा त्याचा साहेब. त्या खोलीत थंड हवेचं मशीन आणि दाराबाहेर चपलांची रांग. धूळ चालत नाही म्हणून मोठे साहेबसुद्धा बूट काढून आत जातात. मी पहिल्या दिवशी चपला काढल्या आणि हात आपोआप घंटेसाठी वर गेला.

कर्णिक सांगतो, याच्यातली माहिती एकदम सुरक्षित, कारण आत शिरायला पासवर्ड लागतो. परवलीचा शब्द म्हण. तो फक्त एकट्याला माहीत. आणि हा बाबा रजेवर गेला! पगारपत्रकं अडली, सगळे हवालदिल. तेवढ्यात पोशा शिपाई फडकं मारता मारता म्हणाला, "मला पाठ हाय. साहेब इसरतात म्हनून त्यांनी माझ्याकडनं पाठ करून घेतलाय." आणि म्हणून दाखवला की, सगळ्या खात्यासमोर, खणखणीत आवाजात. एका मुलीचं नाव निघालं. कर्णिकचं लग्न ठरल्याचं कारखान्याला असं कळलं.

मोठ्या साहेबांच्या फोनचीही तीच गत. डायलला पितळी कुलूप, किल्ली साहेबांच्या खिशात. आणि पोरं काय करतात, तर रिसीव्हर ठेवायची खुंटी टकटक दाबतात. पाच आकडा हवा तर पाचदा टकटक. लागतो नंबर. कुलूप जागच्या जागी आणि बिल वाढतंय.

मी कर्णिकला म्हटलं, अरे, पासवर्ड आमच्याकडे सहासष्ट सालापासून आहेत. त्याला खरं वाटेना. मग आपली पीपी कॉलची गोष्ट सांगितली. ट्रंक लावताना अमुकच माणूस पाहिजे म्हणून नाव द्यायचं, तो जागेवर नसला तर पूर्ण पैसे पडत नाहीत, किरकोळ फी पडते. म्हणून आपल्या लोकांनी नसलेलीच माणसं शोधून काढली. कर्जतच्या पोस्टातून कोणी "रामभाऊ परब आहेत का" असं विचारलं, की मी "नाहीत" म्हणायचं आणि कमळ्याला निरोप द्यायचा की तुझी म्हैस व्याली. एकेका घराचं एकेक नाव. कोणाचं पोर पास झालं, कोणाची सून बाळंत झाली, सगळं त्या नसलेल्या माणसांच्या नावावर. एकोणीस घरांची नावं माझ्या डोक्यात होती, कागदावर एक नाही. कंपनीचा नियम होता की कामगारांना खासगी फोन द्यायचा नाही. मी कुठे देत होते? ज्याला फोन आला तो माणूसच नव्हता.

खऱ्या परबांचा किस्साही सांगितला. बॉयलर तपासायला आलेले गृहस्थ खरोखरच रामभाऊ परब निघाले. त्यांच्या बायकोने फोन केला, मी सवयीने "नाहीत" म्हटलं, आणि कमळ्या अर्ध्या दिवसाची रजा टाकून खरवस खायला घरी. म्हशीला अजून दोन महिने बाकी. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणतो, "जनाबाय, पुढच्या येळंला म्हशीला पन इचारून घ्या."

कर्णिक हसून हसून लाल झाला. मग डोळे पुसत म्हणाला, "पण मॅडम, तुमच्या सिस्टीममध्ये एक धोका होता. सगळं एका माणसावर अवलंबून." मी म्हटलं, चहा घे, निवतोय.

सिनेमावाल्यांनी आम्हा ऑपरेटर बायकांचं नाव खराब केलंय ते वेगळंच. गणपतीत राऊतांनी व्हिडिओ आणला होता, त्यातही तेच. लिपस्टिक लावायची, नखं रंगवायची आणि लोकांची गुपितं ऐकून विकायची. अगं, एकाच वेळी चार दिवे लागलेले असतात बोर्डावर, ऐकायला फुरसत कुणाला! तुला तो खालापूरच्या तंबूतला सिनेमा आठवत असेल. जाऊ दे.

आता थोडं वेगळं. रागावू नकोस. गेल्या आठवड्यात कर्जतला बँकेत गेले होते, तिथे तुझा शुक्रा भेटला. केस पार पांढरे झालेत गं त्याचे. त्याच्या सोमीचं लग्न ठरलंय, मार्गशीर्षात. मुलगा चौकचा, चांगला आहे. शुक्रा म्हणाला, "हलदीला आत्या नाय तर पोरीला पयली हलद कोनी लावायची? तुमी सांगा तिला. तुमचं आयकल ती." मी हो म्हणून बसले.

हिरू, अकरा वर्षं झाली. भाऊबीज तोंडावर आली आहे. या वर्षी दहिवलीला जा. पाठच्या भावाचा एवढा राग धरू नये. तो म्हणतो, बाच्या शेवटच्या वेळी त्याने फोन केला होता. केला असेलही. तेव्हा लाइनी काय धड होत्या? निम्म्या वेळा मधेच तुटायच्या.

बोर्ड हलवला तेव्हा खालच्या खणातून कॉलची जुनी रजिस्टरं निघाली. रद्दीत टाका म्हणाले. मी घरी आणली आहेत, उगीच आपली.

उत्तर लवकर लिही. कार्डावर लिहिलंस तरी चालेल, बुधाजीची सोय होईल.

तुझी,
जना


कुंभिवली,
मंगळवार, १३ ऑक्टोबर १९८७

हिरू,

तुझं कार्ड शनिवारी मिळालं. बुधाजीने फाटकापासूनच वाचत आणलं आणि हातात देताना म्हणाला, "जनाबाय, मैत्रीन तुमची कडक हाय."

हे पत्र रजिस्टर करून पाठवते आहे. सही करून घे आणि एकटीने वाच. सूनबाईला वाचायला देऊ नकोस. चष्मा लाव, हळूहळू वाच, पण शेवटपर्यंत वाच.

तू लिहिलंस, "बाकी काय पन लिही, त्याचं नाव काढू नको. लाइन तुटली बिटली मला सांगू नको. त्या दिवशी बोर्डावर तू होतीस. मी तुला इचारलं, फोन आला का, तू नाय म्हनालीस. तू नाय म्हनालीस म्हंजे नाय. तो खोटा. बा त्याच्या दारात माझं नाव घेत गेला आन ह्याला फोन कराया झाला नाय. तुझ्यावर माझा देवावानी इस्वास हाय, जना."

ते वाचून मला जेवण गेलं नाही. रविवारी सकाळी उठले आणि दहिवलीला गेले. तिथे काय झालं ते पुढे सांगते. आधी तुझं.

लाइन तुटली नव्हती, हिरू. गेल्या पत्रात मी ते तुला खोटं लिहिलं.

तुमच्या घराचं नाव काय होतं ते तुला सांगायला नको, पण लिहिते, म्हणजे मला मागे सरता येणार नाही. बाची तब्येत बिघडली, ताबडतोब नीघ, असं सांगायचं असेल तर शुक्राने मोतीबाईंसाठी फोन करायचा. तुझी मेलेली आत्या. ते नाव तूच निवडलंस. म्हणालीस, "ती काय आता फोन घ्याला येत नाय."

मंगळवार, १० फेब्रुवारी १९७६. ते आणीबाणीचं साल तुला आठवतंच. जिकडे तिकडे शिस्तीच्या पाट्या. आपल्याकडे नवे साहेब आलेले आणि त्यांचं परिपत्रक लागलेलं, की खासगी निरोप दिला तर नोकरी जाईल, आणि आलेला प्रत्येक कॉल रजिस्टरमध्ये लिहायचा. त्या दिवशी सकाळपासून साहेब स्वतः स्टूल घेऊन माझ्या शेजारी बसले होते. दहा वर्षं झाली तरी मी टेंपररीच होते. एप्रिलमध्ये कायम करायच्या लोकांची यादी निघणार होती.

दहा चाळीसला दिवा लागला. ट्रंकवाली म्हणाली, "कर्जतहून पीपी, मोतीबाईंसाठी." मी म्हटलं, "या नावाचं इथे कोणी नाही." ते तर आपलं नेहमीचंच उत्तर. मागून शुक्राचा आवाज मी ऐकला. "बरं बरं, नसू द्या," म्हणाला. त्याला वाटलं, निरोप पोचला, हिरू निघाली.

साहेबांनी विचारलं, "मोतीबाई कोण?" मी म्हटलं, "माहीत नाही सर, चुकून आला असेल." आणि रजिस्टरमध्ये लिहिलं.

अकरा वाजता कँटीनचा गजा चहा घेऊन खिडकीशी आला. माझ्याकडून तो थेट तुमच्या पॅकिंगलाच जायचा. हिरूला म्हणावं मोतीबाई, एवढे तीन शब्द पुरे होते. साहेब बाजूला बसलेले. मी कप घेतला आणि गजाला जाऊ दिलं.

इथपर्यंत भीती होती. एवढंच असतं तर मी तुला केव्हाच सांगितलं असतं आणि तू मला दोन शिव्या देऊन माफ केलं असतंस. पण दोन वाजता साहेब उठून गेले.

दोन ते साडेचार मी एकटी होते. पॅकिंगचं एक्स्टेंशन माझ्याच बोर्डावर होतं. कॉर्ड लावायची आणि बोलायचं. मी केलं नाही. ते भीतीने नाही, रागाने.

तीनच दिवस आधी, शनिवारी, कँटीनमध्ये तू त्या तंबूतल्या सिनेमाची गोष्ट सांगत होतीस. त्यातली ती ऑपरेटरीण, चोरून ऐकणारी. आणि दहा बायकांसमोर म्हणालीस, "आमची जना पन तसलीच. आख्ख्या तालुक्याची लफडी हिच्या कानात." सगळ्या हसल्या. तू गमतीने बोललीस, हे मला तेव्हाही कळत होतं. पण हिरू, एकोणीस घरं मी सांभाळत होते. कोणाच्या घरात काय चाललंय ते कधी कोणाला सांगितलं नाही. लाइन जोडून दिली की माझी ऐकायची कळ बंद. कामाचा एवढाच अभिमान होता मला, बाकी होतं काय माझ्याजवळ? ना नवरा, ना पोर. तोच तू सगळ्यांसमोर पायाखाली घेतलास असं वाटलं. तीन दिवस मी तुझ्याशी बोलले नाही.

म्हणून त्या दुपारी मनात म्हटलं, आता बघू दे हिला नियमाने चालणारी जना कशी असते. गरज असेल तर येईल विचारायला. आणि वर मनाची समजूतही घातली. दिवाळीतही मोतीबाई आल्या होत्या, तू धावत गेलीस, तर बा ओटीवर बसून बोंबील चाखत होता आणि तुझा खाडा पडला. या खेपेलाही तसंच असेल म्हटलं. बोर्डासमोर बसून मी हे सगळं जुळवत होते आणि समोर पॅकिंगची कॉर्ड लोंबत होती.

साडेचारला सुटलो. गेटवर तू उभी होतीस. समेट करायला तूच आधी आलीस. पदरातली बोरं माझ्या हातात ओतलीस आणि म्हणालीस, "चुकलं गं माझं. रागवू नको. माझा काय फोनबिन?"

मी "नाही" म्हटलं.

हो म्हटलं असतं तर कधी आला असं तू विचारलं असतंस, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कर्जतची सहाची गाडी तुला मिळाली असती. बा साडेआठला गेला. शुक्रा दर गाडीला स्टँडवर येऊन उभा राहत होता, शेवटची गाडी जाईपर्यंत. पहाटे दुधाच्या टेंपोतून तो तुला न्यायला आला तेव्हा तुला नुसतं तोंड बघायला मिळालं.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने माहीत नाही. तो म्हणाला, "मी फोन केला." तू म्हणालीस, "जना खोटं बोलायची नाय." दिवसकार्य झाल्यावर तो कारखान्याच्या गेटवर आला होता, रजिस्टर बघा म्हणून हात जोडत होता. तू त्याला तिथूनच परत लावलंस. "जना सांगते ते खरं, वही कशाला बघायची?" मी दालनाच्या काचेतून बघत होते. बाहेर यायला दहा पावलं होती. आले नाही. तो मान खाली घालून हायवेकडे चालत गेला.

एप्रिलमध्ये मी कायम झाले. पेढे तूच वाटलेस.

त्यानंतर दर भाऊबीजेला वाटायचं, आता सांगते. मग तू चिंचवडला गेलीस आणि मला सुटल्यासारखं झालं. कर्णिक परवा कोणाला तरी समजावत होता, की खरी काळजी बाहेरून कोणी आत शिरू नये याची घ्यायची. माझ्या बोर्डात बाहेरून कोणी शिरलं नव्हतं.

रविवारी दहिवलीला गेले. शुक्रा खळं सारवत होता. त्याला सगळं सांगितलं, आत्ता तुला लिहिलं तसंच, बोरांसकट. त्याची बायको येसूबाई दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "ऊठ माझ्या ओटीवरनं. आमच्या घरातली दिवाली खाल्लीस तू अकरा वर्सं." मी उठले. तिचं काही चुकलं नाही.

शुक्राने हात धुतले, बराच वेळ धूत राहिला. मग येसूबाईला म्हणाला, "पानी दे तिला." आणि मला काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहिते. "बाय, हल्ली हल्ली माझाच माझ्यावर इस्वास नवता राहिला. वाटायचं, खरंच फोन केला का मी? का नुसता पोस्टात उभा राहून आलो? रातचं उठून बसायचो. आता कललं, केलता." मला वाटलं होतं तो शिव्या देईल. त्यापेक्षा त्या बऱ्या झाल्या असत्या.

तुझ्याविषयी म्हणाला, "मला सांगून काय उपेग? तिला सांगा." म्हणून हे लिहिते आहे.

सोबत रजिस्टरचं ते पान आहे. फाडून पाठवलंय, ते कंपनीचं आहे, पण आता कोण विचारतंय. वरून सातवी ओळ बघ. वेळ, गाव, नाव आणि शेरा. खाली साहेबांची सही आहे. तोंडाने मी खोटं बोलले, पण रजिस्टरमध्ये खोटं लिहायला हात धजावला नाही. एवढी एकच गोष्ट त्या दिवशी धड केली, आणि ती अकरा वर्षं खणात दडवून ठेवली.

माझ्याशी पुढे बोलायचं की नाही ते तू ठरव. उत्तर आलं नाही तर मी समजेन, पुन्हा लिहून त्रास देणार नाही. पण माझ्यावरच्या रागाने दहिवलीची वाट अडवू नकोस. सोमीच्या हळदीला जा. शुक्राच्या शेजारी वाण्याच्या दुकानात आता फोन आलाय, नंबर पानाच्या मागे लिहिला आहे. भाऊबीजेला सकाळी दहापासून तो तिथे बसणार आहे. फोन केलास तर त्याचंच नाव सांग. खरं नाव. पूर्ण पैसे पडले तरी चालतील.

आता, जे त्या दिवशी खिडकीतून गजाकडे सांगायचं होतं, तेवढं लिहिते आणि थांबते.

हिरू, कर्जतहून मोतीबाईंसाठी फोन आला होता. सकाळी दहा चाळीसला. शुक्राने केला होता. लगेच नीघ, बा तुझी वाट बघतोय.

जना,
बोर्डावरून